दंतोपचारातील मज्जातंतू इजा व नुकसानभरपाई (भारत)

दंतोपचारातील मज्जातंतू इजा म्हणजे दात काढणे, इम्प्लांट बसवणे, रूट कॅनाल करणे किंवा भुलीचे इंजेक्शन देणे यांसारख्या उपचारांच्या वेळी तोंड व चेहरा यांना संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूला होणारी दुखापत होय. अशा इजेमुळे ओठ, हनुवटी, हिरडी किंवा जीभ यांना बधिरता, मुंग्या, जळजळ वा सततची वेदना जाणवते. बहुतेक रुग्णांत ही लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात, तर काहींत ती आयुष्यभर राहतात. भारतात अशा इजेबद्दल मुख्यतः ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये ग्राहक आयोगाकडे आणि पर्यायाने दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते. इजा झाली एवढ्यावरून भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. उपचारापूर्वीची तपासणी, रुग्णाला दिलेली धोक्याची पूर्वकल्पना, प्रत्यक्ष उपचारातील कौशल्य आणि इजेनंतर घेतलेली काळजी यांपैकी कोठे कसूर झाली हे तक्रारदाराला दाखवावे लागते.

शारीरिक पार्श्वभूमी

चेहऱ्याची संवेदना मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूकडे, म्हणजे त्रिशाखी (ट्रायजेमिनल) मज्जातंतूकडे असते. दंतोपचारात त्याच्या तिसऱ्या शाखेच्या दोन उपशाखांना प्रामुख्याने धोका पोहोचतो.

पहिली उपशाखा इन्फिरिअर अल्व्हिओलर मज्जातंतू ही होय. ती खालच्या जबड्याच्या हाडातील एका नलिकेतून पुढे जाते आणि खालचे दात, हिरडी, खालचा ओठ व हनुवटी यांना संवेदना पुरवते. खालच्या अक्कलदाढेची मुळे कित्येकदा या नलिकेला टेकलेली असतात.

दुसरी उपशाखा लिंग्वल मज्जातंतू ही होय. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची संवेदना तिच्यातून जाते व चवीचे तंतूही तिच्याच सोबतीने जातात. ती अक्कलदाढेच्या आतल्या बाजूस, हाडाला लागून मऊ भागातून जात असल्याने साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

ओठांची हालचाल सातव्या मज्जातंतूच्या ताब्यात असते. त्यामुळे वरील दोन्ही उपशाखांना इजा झाली तरी चेहरा वाकडा होत नाही आणि छायाचित्रात काहीही वेगळे दिसत नाही. रुग्णाला मात्र चहा किती गरम आहे हे ओठाला कळत नाही, जेवताना ओठ वा जीभ चावली जाते, ओठाला लागलेले अन्न जाणवत नाही आणि दाढी करताना कापले तरी समजत नाही. हानी मोठी असूनही ती इतरांच्या दृष्टीस पडत नाही, ही या दाव्यांतील मूलभूत अडचण आहे.

इजेची कारणे

अक्कलदाढ काढणे : हे सर्वांत परिचित कारण आहे. दाढ हाडात आडवी अडकलेली असल्यास हाड कापावे लागते व दाढेचे तुकडे करावे लागतात. त्या वेळी ड्रिलचा स्पर्श, मुळांचा दाब किंवा आतल्या बाजूचे हाड भेदले जाणे यामुळे इजा होते. कायमस्वरूपी इजेचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आत मानले जाते, परंतु मुळे नलिकेला भिडलेली असल्यास ते वाढते.

इम्प्लांट : खालच्या जबड्यात हाडाची उंची नीट न मोजता ड्रिल वा स्क्रू अधिक खोल गेल्यास नलिकेला धक्का पोहोचतो. रुग्णाने कधी उपचार घ्यावा हे येथे बहुधा आधी ठरवता येते. मोजमापासाठी वेळ उपलब्ध असल्याने ते केले नसेल तर त्याचे समर्थन करणे कठीण जाते.

रूट कॅनाल : मुळाच्या टोकापलीकडे गेलेले भरण-द्रव्य किंवा धुण्यासाठी वापरलेले सोडियम हायपोक्लोराइट नलिकेपर्यंत पोहोचल्यास रासायनिक इजा होते.

भुलीचे इंजेक्शन : खालचा जबडा बधिर करण्याचे इंजेक्शन मज्जातंतूजवळ अंदाजानेच द्यावे लागते. योग्य रीतीने दिलेल्या इंजेक्शननंतरही क्वचित इजा होऊ शकते. म्हणून केवळ इंजेक्शनमुळे झालेल्या इजेत निष्काळजीपणा सिद्ध करणे अवघड असते.

वर्गीकरण व उपचार

१९४३ साली हर्बर्ट सेडन या ब्रिटिश शल्यविशारदाने मज्जातंतूंच्या इजांचे तीन प्रकार सांगितले. न्यूरोप्रॅक्सिया या प्रकारात तंतू अखंड राहतो व काही दिवसांत वा आठवड्यांत बरा होतो. ॲक्झोनॉट्मेसिस या प्रकारात आतील तंतू तुटतात पण आवरण टिकून राहते, त्यामुळे सुधारणेला काही महिने लागतात व ती अपुरी राहू शकते. न्यूरॉट्मेसिस या प्रकारात मज्जातंतू पूर्ण तुटतो आणि शस्त्रक्रियेशिवाय भरून येण्याची आशा फारशी नसते.

प्रारंभी यांपैकी कोणता प्रकार आहे हे सांगणे बहुधा शक्य नसते. म्हणून कापसाचा हलका स्पर्श, टोचणी, गरम-थंड आणि दोन बिंदूंतील अंतर ओळखणे अशा चाचण्या ठरावीक अंतराने करून सुधारणा होते की नाही हे पाहिले जाते. काही परिस्थितींत मात्र थांबणे घातक ठरते. इम्प्लांट मज्जातंतूवर दाबत असल्याची शंका असल्यास ते तातडीने काढणे, तसेच नलिकेत भरण-द्रव्य शिरले असल्यास रुग्णाला विनाविलंब मुख-शल्यविशारदाकडे पाठवणे अपेक्षित असते. काही महिन्यांनंतरही बधिरता जराही कमी झाली नाही, तर सूक्ष्म शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. हा निर्णय जितका लांबतो तितका यश मिळण्याचा संभव घटतो.

कायदेशीर चौकट

सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता (१९९५) या निकालात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येत येते असे ठरवले. दंतसेवेलाही हे तत्त्व लागू होते. जेथे सर्वच रुग्णांना विनामूल्य उपचार मिळतात, त्या संस्था या कायद्याच्या बाहेर राहतात. काहींकडून शुल्क घेऊन काहींना मोफत उपचार देणाऱ्या संस्थांतील मोफत रुग्ण मात्र कायद्याच्या कक्षेत येतात.

२०१९ च्या नव्या कायद्यातील व्याख्येत आरोग्यसेवेचा स्वतंत्र उल्लेख नसल्याने डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा युक्तिवाद पुढे करण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली तो फेटाळला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

निष्काळजीपणा ठरवण्याचे निकष

डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो उपचार कसा करावा, या तिन्ही बाबतींत वाजवी काळजी घेतली पाहिजे. सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा केली जात नाही. त्या शाखेतील सामान्य, सक्षम व्यावसायिकाकडे असते तेवढे कौशल्य पुरेसे मानले जाते. १९५७ च्या बोलम या इंग्लिश खटल्यातील हाच निकष जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारला.

मज्जातंतूच्या इजेच्या बाबतीत पुढील प्रश्न निर्णायक ठरतात.

उपचारापूर्वी : दाढ काढण्याची खरोखरच गरज होती काय? क्ष-किरण चित्र (ओपीजी) काढले होते काय? मुळावर दिसणारा काळसर पट्टा, नलिकेच्या कडेची पांढरी रेषा तुटणे, नलिका अरुंद होणे वा वळणे ही निकट संबंधाची सर्वमान्य चिन्हे आहेत. ती दिसत असूनही कोन बीम सीटी तपासणी का केली नाही, वा दाढेचा केवळ वरचा भाग काढून मुळे तशीच ठेवण्याचा, म्हणजे कॉरोनेक्टमीचा, पर्याय का विचारात घेतला नाही, याचे उत्तर दंतवैद्याला द्यावे लागते. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे असल्यास ते तज्ज्ञाकडे पाठवणे हाही कर्तव्याचा भाग आहे.

उपचाराच्या वेळी : इम्प्लांटची लांबी व उपलब्ध हाडाची उंची यांचा मेळ होता काय? आतल्या बाजूचे हाड भेदले गेले काय?

उपचारानंतर : दुसऱ्या दिवशी भूल उतरली की नाही याची विचारपूस केली काय? बधिरतेची नोंद झाली काय? ‘होईल बरे’ एवढ्या आश्वासनावर महिने जाऊ दिले, की वेळेत पुढे पाठवले? मूळ इजा अटळ असली तरी उपचारोत्तर दिरंगाईमुळे बरे होण्याची संधी हुकली असेल, तर ती स्वतंत्र कसूर ठरू शकते.

अनेक दवाखान्यांत अक्कलदाढ किंवा इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेरून शल्यविशारद बोलावला जातो. सविता गर्ग विरुद्ध नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट (२००४) या निकालानुसार असा डॉक्टर पगारी आहे की पाहुणा, यावर रुग्णालयाची जबाबदारी अवलंबून नसते.

माहितीपूर्ण संमती

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (२००८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैध संमतीसाठी रुग्णाला कोणती माहिती दिली पाहिजे हे स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप व हेतू, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांचा तीत समावेश आहे. दूरान्वयाने संभवणारे किंवा केवळ तात्त्विक धोके सांगण्याची आवश्यकता नाही. त्या प्रकरणात शस्त्रक्रियेतील कौशल्याबद्दल दोष आढळला नव्हता. तरीही संमतीवाचून अधिकची शस्त्रक्रिया केल्याबद्दल डॉक्टरांना शुल्क नाकारले गेले व २५,००० रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. उपचार निर्दोष असला तरी संमतीतील कसूर वेगळी मोजली जाते, हे या निकालातून दिसते.

खालची अक्कलदाढ काढताना ओठ वा जीभ बधिर होण्याचा धोका दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत नोंदलेला आहे. त्यामुळे तो दूरान्वयाचा आहे असे म्हणणे अवघड आहे. छापील अर्जावर सही घेणे म्हणजे माहिती देणे नव्हे. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत व विचार करण्यास पुरेसा वेळ देऊन ती दिली गेली काय, हे पाहिले जाते. उलटपक्षी, मुळे नलिकेला लागून असल्याची नोंद, त्यासंबंधी झालेल्या चर्चेचा उल्लेख व रुग्णाची सही असलेला कागद हा काळजीपूर्वक काम करणाऱ्या दंतवैद्याचा सर्वांत भक्कम बचाव असतो.

पुरावा

निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी सामान्यतः तक्रारदारावर असते. व्ही. किशन राव विरुद्ध निखिल सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल (२०१०) या निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही. कसूर उघड दिसत असल्यास घटना स्वतःच बोलते, हे तत्त्व लागू होऊ शकते. मज्जातंतूची इजा मात्र काळजी घेऊनही संभवत असल्याने येथे तज्ज्ञमताला विशेष महत्त्व येते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये किंवा गोव्यातील बांबोळीचे दंत महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील मुख-शल्यविभागाची तपासणी व अहवाल उपयुक्त ठरतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या एका निकालाने उपचारांची कागदपत्रे मिळवण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला आहे. उपचारापूर्वीचे व नंतरचे क्ष-किरण चित्र, केसपेपर, संमतिपत्र, पावत्या, इम्प्लांटच्या वेष्टनावरील मापाची चिठ्ठी व दवाखान्याशी झालेले संदेश यांच्या प्रती लवकर मागून घेणे हितावह असते. शुल्काची पावती नसल्यास मोबदला दिल्याचे सिद्ध करणेच कठीण होते. बधिर भागाची सीमा त्वचेवर पेनने आखून, तारखेसह छायाचित्र ठेवण्याची पद्धत तज्ज्ञ वापरतात. अशी चित्रे ठरावीक अंतराने काढलेली असल्यास एरवी न दिसणारी हानी कागदावर येते.

मुदत

२०१९ च्या कायद्याच्या कलम ६९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंब माफ करू शकतो, पण तो हक्क नव्हे.

मुदत कधी सुरू होते याचे विवेचन सर्वोच्च न्यायालयाने डॉ. श्रीखंडे प्रकरणात (२०१०) केले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात राहिलेल्या कापडाच्या तुकड्याविषयीची ती तक्रार होती आणि तक्रारदार गोव्यातील परिचारिका होती. इजेचा परिणाम तत्काळ प्रकट होत असेल तर त्याच दिवसापासून, आणि तो दडलेला असेल तर वाजवी दक्षतेने तो लक्षात येऊ शकला असता त्या दिवसापासून मुदत मोजावी, असे न्यायालयाने सांगितले. वेदना होत असूनही तक्रारदार अनेक वर्षे गप्प राहिल्याने तिची तक्रार मुदतबाह्य ठरली.

ओठाची बधिरता भूल उतरण्याच्या वेळेलाच, म्हणजे बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, लक्षात येते. त्यामुळे मुदत तेव्हापासूनच मोजली जाण्याचा संभव अधिक असतो. वैद्यकीय सल्ला मात्र ‘सहा महिने, वर्षभर वाट पाहा’ असा असतो व तो पुष्कळदा योग्यही असतो. सुधारणेची वाट पाहता पाहता कायद्याची दोन वर्षे संपतात, हा या प्रकारच्या दाव्यांतील नेहमीचा धोका होय. उपचार चालू ठेवून त्याच काळात कागदपत्रे जमवणे व मुदतीपूर्वी तक्रार दाखल करणे यांत विसंगती नाही.

भरपाईचे घटक

भरपाईचे सूत्र रुग्णाला शक्य तितके पूर्वस्थितीत आणणे हे असते. तीत साधारणपणे पुढील घटक येतात : झालेला व पुढे होणारा उपचारखर्च (सूक्ष्म शस्त्रक्रिया, वेदनाशामक औषधे, समुपदेशन), बुडालेले व पुढे घटणारे उत्पन्न, शारीरिक व मानसिक यातना, जीवनातील सुखाची हानी, मूळ उपचाराच्या शुल्काचा परतावा, तक्रारीचा खर्च आणि व्याज.

मोटार अपघाताच्या दाव्यांत वापरले जाणारे गुणकाचे सूत्र वैद्यकीय निष्काळजीपणात जसेच्या तसे लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बलराम प्रसाद विरुद्ध कुणाल साहा (२०१३) या निकालात म्हटले आहे. मात्र अपघाताच्याच एका प्रकरणात, राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात, सांगितलेला एक भेद येथे मार्गदर्शक आहे. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिभेची तीच बधिरता कारकुनाच्या नोकरीला फारशी बाधा आणणार नाही. परंतु सनईवादक, गायक, शिक्षक, वकील किंवा पदार्थांची चव पारखणारा आचारी यांचे उपजीविकेचे साधनच ती हिरावून घेऊ शकते. म्हणून तक्रारीत बधिर भागाच्या मोजमापाबरोबर त्या व्यक्तीच्या कामाचे स्वरूप, उत्पन्नाचे पुरावे व दैनंदिन जीवनातील अडचणी यांची नोंद आवश्यक ठरते. ओठाच्या बधिरतेपेक्षा सततची जळजळ व विजेच्या झटक्यासारखी वेदना अधिक गंभीर मानली जाणे स्वाभाविक आहे, कारण ती झोप, आहार व मनःस्थिती यांवर परिणाम करते.

तक्रारीची पद्धत

२०२१ च्या नियमांनुसार सेवेसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग अशी विभागणी आहे. मागितलेल्या भरपाईची रक्कम येथे विचारात घेतली जात नाही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरवली. दंतोपचाराचा खर्च ५० लाखांच्या पलीकडे जात नसल्याने असे दावे व्यवहारात जिल्हा आयोगापुढेच येतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.

तक्रारदार स्वतः राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वकील नेमणे बंधनकारक नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी ई-दाखिल आणि त्यानंतर ई-जागृती ही संकेतस्थळे उपलब्ध झाली. तक्रारदार व सामनेवाले यांची बाजू मुख्यतः शपथपत्रांवर ऐकली जाते. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. प्रकरणात गुंतागुंतीचा पुरावा व दीर्घ उलटतपासणी आवश्यक असल्यास आयोग पक्षकारांना दिवाणी न्यायालयात जाण्यास सांगू शकतो.

फौजदारी व शिस्तभंगविषयक कारवाई

जेकब मॅथ्यू निकालानुसार फौजदारी जबाबदारीसाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा असावा लागतो. शिवाय डॉक्टरवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घेणे अपेक्षित आहे. मज्जातंतूच्या बहुतेक इजा या पातळीपर्यंत पोहोचत नाहीत. राज्य दंत परिषदेकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते व परिषद नोंदणीसंबंधी कारवाई करू शकते, परंतु रुग्णाला भरपाई देणे तिच्या कार्यक्षेत्रात येत नाही.

इतर देशांतील स्थिती

आयर्लंडच्या उच्च न्यायालयापुढे २००० साली इम्प्लांटसंबंधीचे एक प्रकरण आले. हनुवटीतून हाड घेताना मज्जातंतूला इजा होऊन रुग्णाला जुनाट वेदना जडली होती. धोका एक टक्क्याहून कमी असला तरी त्याची पूर्वकल्पना देणे आवश्यक होते, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ती मिळाली असती तरी रुग्णाने उपचार घेतलाच असता, असा निष्कर्ष निघाल्याने त्या मुद्द्यावर भरपाई नाकारली गेली. पूर्वकल्पना दिली नाही आणि दिली असती तर निर्णय बदलला असता, हे दोन्ही दुवे जुळावे लागतात, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टगोमेरी (२०१५) या निकालात कोणता धोका महत्त्वाचा हे रुग्णाच्या दृष्टीने ठरवावे, अशी भूमिका घेतली.

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघात भरपाई योजना आहे. तेथे उपचारातून झालेल्या इजेसाठी डॉक्टरचा दोष सिद्ध न करताही साहाय्य मिळू शकते. भारतात अशी दोषनिरपेक्ष योजना नाही. त्यामुळे काळजीपूर्वक केलेल्या उपचारातूनही ज्याचा ओठ कायमचा बधिर झाला, त्या रुग्णाला भारतीय कायद्यानुसार भरपाई मिळत नाही. सर्व काळजी घेतलेला दंतवैद्य त्यामुळे सुरक्षित राहतो, परंतु हानीचा भार रुग्णावरच पडतो.